मुलगा अठराचा होतोय (स्वमग्न): कागद, बँक, बस, काम, आधी काय?

मोगरा_नाशिक

नमस्कार. मुलगा १७ वर्षं २ महिन्यांचा. स्वमग्नता (ऑटिझम) आणि सोबत सौम्य बौद्धिक अक्षमता. तीन-चार शब्दांच्या वाक्यांत बोलतो, मराठी वाचतो, मोठ्या अक्षरात लिहितो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे, ६० टक्के. एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा) दहावीचे तीन विषय सुटलेत, दोन बाकी. विशेष शाळा अठराला संपते, पुढे व्यवसाय प्रशिक्षण वर्गाला घालायचा विचार आहे. वर्ग घरापासून साधारण ७ किलोमीटर, सिटीलिंकची (शहर बससेवा) थेट बस आहे. आजवर रिक्षाकाका नेत होते.

विचारायचं ते एवढंच:

१) अठरानंतर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे खरं का? कायदेशीर पालकत्व घ्यावंच लागतं का?
२) बँकेत त्याचं खातं कसं चालणार?
३) बसने एकट्याने जायला शिकवायचं तर सुरुवात कुठून?
४) कामाला लावताना काय बघायचं?

"देव बघेल" आणि "धाकटी बहीण आहेच की" ही दोन उत्तरं कृपया नकोत, ती घरबसल्या मिळतात.

---

तळटीप

पहिल्याचं उत्तर: खरं. वयाची १८ पूर्ण झाली की नैसर्गिक पालकत्व संपतं, मुलाचं निदान काहीही असो. त्यापुढे त्याच्या वतीने सही करायला कायद्याचा आधार लागतो.

तुमच्या बाबतीत तो राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये आहे. हा कायदा चारच गटांना लागू होतो: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. नुसतं एडीएचडी (अतिचंचलता) किंवा नुसती डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) असलेल्यांनी या रांगेत उभं राहू नये, त्यांना याची गरजही नसते.

अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे. समितीत तिघं असतात: जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अर्ज नमुना 'अ'मध्ये करायचा. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, त्याच्या वयाचा पुरावा, तुमचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, त्याच्या नावावर काही मालमत्ता असेल तर तिचे कागद. समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं असं कायदा सांगतो, म्हणून एक कागद राहिला की तीन महिने गेले असं धरून चाला. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या.

नेमणुकीनंतरचं काम बहुतेक जण विसरतात. सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी द्यायची, नंतर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत दरवर्षी हिशेब द्यायचा. मालमत्ता शून्य असली तरी 'निरंक' लिहून द्या.

आणखी एक, कारण नाशिक-पुण्याकडच्या घरांत हा घोळ हटकून होतो: पालक म्हणून नेमला जाणारा माणूस भारताचा नागरिक असावा लागतो. अमेरिकेतला थोरला भाऊ तिकडचं नागरिकत्व घेऊन बसला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) इथे चालत नाही.

---

पाटीपेन्सिल

तळटीप यांनी प्रक्रिया नेमकी सांगितली. पण "घ्यावंच लागतं का" हा प्रश्न तसाच राहिला.

नाही, घ्यावंच लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कशासाठी. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सगळे 'सर्व बाबींसाठी' असं लिहून मोकळे होतात. त्याची काही गरज नाही. मालमत्ता, वैद्यकीय संमती, असं नेमकं लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा सूर तर असा की निर्णय माणसाचा, बाकीच्यांनी फक्त आधार द्यायचा. त्यातलं मर्यादित पालकत्व म्हणजे दोघांनी मिळून घेतलेला निर्णय.

जो मुलगा वाचतो, तीन शब्दांत का होईना पण 'नको' म्हणू शकतो, त्याच्या कपड्यांवर, जेवणावर, कामाच्या निवडीवर कुणाची सही लागू नये.

मतदानाचंही सांगून ठेवते. अठरा झाले की मतदार नोंदणीचा नमुना ६ भरा, नोंदीत दिव्यांग म्हणून खूण करा. ऑटिझमच्या प्रमाणपत्राने मताचा हक्क जात नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसं ठरवलेलं असावं लागतं.

बँक: अठराची वाट कशाला बघता? दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. आत्ताच उघडा. अठराला बँक नवीन केवायसी आणि नवीन सही मागते, ते होईपर्यंत खातं अडकतं, म्हणून वाढदिवसाच्या आठवड्यात त्या खात्यातून काही भरायचं ठेवू नका.

खरी अडचण सहीची. त्याची सही रोज वेगळी येणार आणि बँक ती परत करणार. आडनावासकट पूर्ण नाव नको, फक्त पहिलं नाव, जोडाक्षर असेल तर ते टाळून. पुठ्ठ्यात ६ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटरची खिडकी कापा, तो पुठ्ठा कागदावर ठेवून खिडकीच्या आत सही. पेन रोज तेच, जाड टोकाचं. दिवसाला १० सह्या, महिनाभर. मग पुठ्ठा काढून खाली नुसती रेघ, मग रेघही नाही. बँकेतल्या नमुन्याच्या कार्डावर सही करायला पुठ्ठा सुटल्यावरच जा, कारण पुठ्ठ्यातली आणि मोकळी सही वेगळी दिसते. हे जमलंच नाही तर अंगठा चालतो, पण मग पैसे काढायला प्रत्येक वेळी स्वतः जावं लागतं.

खात्यात थोडेच पैसे ठेवा, यूपीआयची रोजची मर्यादा अ‍ॅपमधून खाली आणा. चुकला तर २०० रुपयांना चुकू दे.

---

तळटीप

'सर्व बाबींसाठी' बद्दल मान्य. पण बँकेचा कारकून कलम १४ वाचून बसलेला नसतो. आईवडिलांच्या नावचं घर किंवा ठेवी पुढे मुलाच्या वाट्याला येणार असतील तर पालकत्वाचं पत्र हातात असलेलं बरं. समितीने दिलेलं पत्र बँकांनी मानावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत सोबत न्या आणि काउंटरवर वाद न घालता शाखा व्यवस्थापकाकडे लेखी द्या.

---

सुईदोरा

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, बाकीचं जाणकारांनी लिहिलंय.

बस शिकवणं म्हणजे एक काम नाही, पंधरा-सोळा कामं आहेत. आधी तुम्ही स्वतः एकदा त्या बसने जा आणि प्रत्येक हालचाल वहीत उतरवा: थांब्यावर उभं राहणं, पाटी वाचणं, हात करणं, उतरणाऱ्यांना उतरू देणं, चढणं, दांडा धरणं, पैसे काढणं, थांब्याचं नाव सांगणं, तिकीट घेऊन ठरलेल्या खिशात ठेवणं, सीट शोधणं, उठायची खूण दिसली की उठणं, दाराशी येणं, उतरणं, बस निघेपर्यंत थांबणं, रस्ता ओलांडणं, वर्गापर्यंत चालणं. पुढे तीन रकाने: स्वतः केलं, खुणेने केलं, सांगून केलं. रोज टिकमार्क. हा तक्ता नसेल तर पंधरा दिवसांनी "बरं चाललंय" एवढंच कळतं.

शिकवायचं उलट्या क्रमाने. म्हणजे शेवटचा टप्पा, उतरून वर्गापर्यंत चालणं, तो आधी एकट्याने करेल. तो पक्का झाला की त्याच्या मागचा. रोजचा शेवट त्याच्याच हातून होतो आणि समोर वर्ग असतो, त्यामुळे टप्पा लवकर बसतो. पक्का म्हणजे सलग पाच दिवस शून्य मदत. चार दिवस झाले आणि पाचव्या दिवशी तुम्ही "अरे, तिकीट" म्हणालात, की मोजणी परत एकपासून.

हे "अरे, तिकीट" फार घातक. बोलून दिलेली मदत काढणं सगळ्यात अवघड जातं, तो तुमच्या आवाजाचीच वाट बघायला लागतो. म्हणून मागे उभं राहा, कोपराला हलका स्पर्श, मग नुसतं बोट, मग काही नाही. आणि मदत देण्याआधी मनात दहा आकडे मोजा. नव्वद टक्के घरांत आई तीनलाच बोलते. (हा आकडा माझ्या तोंडचा आहे, कुठल्या पाहणीतला नाही.)

चुका कुठे होतात ते सांगतो.

नंबर बरोबर, दिशा उलटी. जाणाऱ्या आणि येणाऱ्या बसचा नंबर एकच असतो. वाचणारी मुलं नंबर पाहून चढतात आणि विरुद्ध टोकाला पोचतात. त्यामुळे दोन गोष्टी जुळल्या तरच हात करायचा: नंबर आणि शेवटच्या थांब्याचं नाव. दोन्हींचं एक छोटं कार्ड करा, पाटीसारख्याच अक्षरांत. विजेच्या पाटीवर मजकूर सरकतो किंवा भाषा बदलते, तो नाव परत येईपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात बस जाते. त्यावर उपाय एकच, पुढची बस पकडायची. म्हणून सुरुवातीला घरातून वीस मिनिटं आधी निघा आणि "बस गेली, दुसरी येते" हे वाक्य कार्डावर लिहून ठेवा.

थांबे मोजणं. कृपया शिकवू नका. कुणी उतरणार-चढणार नसेल तर बस थांबत नाही आणि मोजणी कोसळते. त्याऐवजी दोन खुणा: एक उठायची, एक उतरायची. पूल, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप चालेल. होर्डिंग नको, ते महिन्याला बदलतं. खुणेचा फोटो बसच्या खिडकीतून, बसलेल्या उंचीवरून काढा, आणि त्याच बाजूच्या सीटवर बसायला शिकवा. रस्त्यावर उभं राहून काढलेला फोटो त्याला ओळखू येत नाही, आणि मग आपण म्हणतो याचं लक्ष नाही.

सीट. त्याची ठरलेली सीट भरलेली असेल तेव्हा काय, हे आधीच ठरवा. पर्याय क्रमाने: त्याच बाजूची दुसरी, मग दुसऱ्या बाजूची, मग दांडा धरून उभं. महिलांसाठी राखीव सीटवर बसू नये हे पाटीचं चित्र दाखवून शिकवा, यावरून बसमध्ये सगळ्यात जास्त आवाज चढतात.

सुटे पैसे. "सुट्टे द्या" या दोन शब्दांवर गाडी अडते. सात दिवसांची सात छोटी पाकिटं, प्रत्येकात नेमकं भाडं. पास निघत असेल तर फारच सोपं. एसटीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पुढे लांबच्या प्रवासाला कामी येईल.

शेवटचा भाग सावलीचा. आधी तुम्ही दोन सीट मागे. मग त्याला न ओळखणारा माणूस, कारण आईबाबा मागे आहेत हेच त्याच्यासाठी खूण झालेलं असतं. मग स्कूटरवरून बसच्या मागे. मग फक्त वर्गातून फोन. प्रत्येक पायरीला किमान एक आठवडा.

---

मोगरा_नाशिक

सुईदोरा, छापून फ्रिजवर लावलं. पण थांबा चुकून शेवटच्या स्टॉपला गेला तर? फोन देऊ का? गोंधळला की तो फोन कानाला लावतच नाही.

---

सुईदोरा

मुद्दाम चुकवायचं, तुम्ही सोबत असतानाच. आठवड्यातून एकदा ठरवून थांबा पुढे जाऊ द्या आणि काय करायचं ते करून घ्या: बसमध्येच बसून राहायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं नाही, कंडक्टरला कार्ड दाखवायचं. चुकीच्या जागी उतरण्यापेक्षा बसमध्ये बसलेला मुलगा शोधणं सोपं.

कार्डावर पाच ओळी पुरतात:

"मी स्वमग्न आहे. उत्तर द्यायला मला वेळ लागतो. हात धरू नका. मला (थांब्याचं नाव) इथे जायचं आहे. या नंबरवर फोन करा."

घरचा पत्ता लिहू नका. कार्ड गळ्यात लटकवण्यापेक्षा खिशात ठेवलेलं बरं, सगळ्या बसला कळायची गरज नाही.

फोन असावा, पण बोलण्यासाठी नाही. लोकेशन चालू आणि एकच तयार संदेश, "मी चुकलो", एका बोटाने जाईल असा. रोज एकदा गमतीत पाठवायला लावा, नाहीतर गरजेच्या दिवशी बोट सापडत नाही. बॅटरी २० टक्क्यांखाली असेल तर त्या दिवशी एकट्याने जाणं नाही, हा नियम तुमच्यासाठी.

---

खलबत्ता

कामाबद्दल.

आधी त्या दोन विषयांचं उरका. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, त्यामुळे घाई नाही, पण सोडूही नका. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. दहावी नसेल तर बऱ्याच पदांचा दरवाजा तिथेच बंद होतो.

खासगीत मुलाखत मागू नका, तीन दिवस प्रत्यक्ष काम मागा. मुलाखत म्हणजे "स्वतःबद्दल सांगा", आणि तीच त्याची सगळ्यात कच्ची बाजू.

जागा बघताना आधी कान आणि डोळे लावून अर्धा तास बसा. एक्झॉस्ट पंख्याची घरघर, लुकलुकणारी ट्यूबलाइट, मिक्सर अचानक सुरू होणं. सतत चालणारा आवाज बहुतेकांना सोसतो, अचानक येणारा नाही. कानाला आवाज अडवणारे मफ चालतील का हे मालकाला पहिल्या दिवशी विचारा, दहाव्या दिवशी नाही.

काम त्याच्यासाठी बदलायचं म्हणजे काय, ते पॅकिंगच्या टेबलावर दाखवते. समजा २०० ग्रॅमची पाकिटं, २५ पाकिटांचा एक बॉक्स.

मोजायला लावू नका. पुठ्ठ्याचा ५ बाय ५ खणांचा ट्रे करा, एका खणात एक पाकीट. ट्रे भरला की बॉक्समध्ये. मध्ये कुणी हाक मारली तरी आकडा विसरायचा प्रश्न नाही, रिकामा खण समोर दिसतो.

वजनकाटा हा खरा खलनायक. काट्यावर २००.४ दिसलं की तो चमच्याने दाणा दाणा काढत बसतो आणि एका पाकिटाला आठ मिनिटं लागतात. सगळे म्हणतात हळू आहे. तो हळू नाही, त्याला 'साधारण २००' कुणी सांगितलेलंच नाही. दशांश चिन्हापुढचा आकडा काळ्या चिकटपट्टीने झाका. काट्याशेजारी चिठ्ठी लावा: "२००, २०१, २०२, २०३ = बरोबर". २०० च्या खाली चालणार नाही, कारण कमी वजन म्हणजे ग्राहकाची फसवणूक होते, आणि हा नियम तो इतर कामगारांपेक्षा जास्त काटेकोर पाळेल.

सूचना. "जरा आवरून घे", "बघ काय राहिलंय", "हात चालव" ही वाक्यं बंद. "लाल क्रेट भरला की टेबल पूस, मग खुर्चीवर बस" असं सांगा. सूचना देणारा माणूस एकच. तो रजेवर असेल त्या दिवशीचा माणूसही आधी ठरलेला.

काम संपल्यावरचा मोकळा वेळ हा कामापेक्षा अवघड. जेवणाची सुट्टी अर्धा तास असेल तर डबा १५ मिनिटांत संपतो, उरलेल्या १५ मिनिटांत काय, हे तक्त्यात चित्राने लिहा. भांडणं तिथेच होतात.

सोबतीला शिकवणारा माणूस पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ, मग अर्धा, मग आठवड्यातून दोनदा. एकदम काढला की तिसऱ्या महिन्यात फोन येतो, "तुमचा मुलगा घेऊन जा". पगार त्याच्या खात्यात, रोख आईच्या हातात नको.

बाहेरचं काम लगेच झेपलं नाही तर पुण्याच्या कामायनीसारख्या संस्थांच्या उद्योग केंद्रांतून सुरुवात करता येते. फक्त तिथून बाहेर पडायची तारीख मनात ठेवा, नाहीतर प्रशिक्षण वीस वर्षं चालतं.

---

निर्गुडी

कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात.

अंगाचे नियम आत्ताच पक्के करा. बाथरूमचं दार आतून बंद, कपडे बदलणं फक्त बंद खोलीत, भेटल्यावर मिठी नाही, नमस्कार. सार्वजनिक मुतारीत पँट गुडघ्यापर्यंत न उतरवता नुसती चेन उघडणं हे वेगळं शिकवावं लागतं, आणि ते बाबांनी किंवा काकांनी शिकवायचं. आठव्या वर्षी ज्यावर लोक हसतात त्यावर अठराव्या वर्षी पोलिसांत तक्रार होते. दुसरी बाजूही तितकीच खरी: कुणी अंगाला हात लावला तर 'नको' म्हणून तिथून निघून येणं. घरात त्याचा 'नको' कधीच ऐकला नसेल तर बाहेर तो म्हणणार नाही.

वागणं अचानक बिघडलं, डोकं आपटणं किंवा चावणं सुरू झालं, तर मानसोपचाराच्या औषधाचा डोस वाढवण्याआधी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासा. दुखणं सांगता येत नाही तेव्हा ते असं बाहेर येतं. किशोरवयात फिट्स नव्याने सुरू होऊ शकतात, टक लावून गोठल्यासारखं वाटलं तर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. रिस्पेरिडोन (मानसोपचाराचं एक औषध) चालू असेल तर वजन दर महिन्याला लिहा. साखर आणि चरबीच्या तपासण्या किती महिन्यांनी करायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

निरामय विमा घेतलाय का? राष्ट्रीय न्यासाचाच, १ लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. दारिद्र्यरेषेवरच्यांना नोंदणी ५०० रुपये, नूतनीकरण २५०. नूतनीकरण चुकलं की मधल्या काळातलं बिल गेलं, फोनमध्ये गजर लावून ठेवा.

---

तळटीप

बहिणीच्या मुद्द्यावर एक भर, तुम्ही नको म्हणाला होतात तरी.

मुलाच्या नावावर थेट फ्लॅट करू नका, पुढे विकायची वेळ आली की परवानग्यांत अडकतो. "बहिणीच्या नावावर करू, ती बघेल" हेही नको. तिचं कर्ज, तिचा घटस्फोट, तिचा मृत्यू, यातल्या कशातही तो पैसा ओढला जातो. १८८२ च्या न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट करा, लाभार्थी तो एकटा, आणि मृत्युपत्रात मालमत्ता ट्रस्टला द्या. पैसे ज्याच्या हातात आणि रोजची देखभाल ज्याच्या हातात, ती दोन वेगळी माणसं ठेवा. बहिणीला विचारा की या दोघांपैकी कोण व्हायचंय. कुणीच नाही, असं म्हणाली तर तेही ग्राह्य धरा.

घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर मुलाचं नाव कुटुंबाच्या तपशिलात, दिव्यांग म्हणून, निवृत्तीआधी नोंदवून घ्या. आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतनाची तरतूद आहे, पण आईवडील गेल्यावर पुरावे गोळा करणारं कुणी नसतं.

राहण्याची सोय बघायची तर डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच उभं केलेलं घरकुल आहे, एकदा जाऊन या. जिथे कुठे ठरवाल तिथे आधी आठ-पंधरा दिवस राहून बघण्याची सोय आहे का ते विचारा, तुम्ही धडधाकट असताना.

---

मोगरा_नाशिक

सगळ्यांचे आभार. उद्या पुठ्ठा कापते. नावात जोडाक्षर आहे, तर हाक मारायचं नाव सहीत चालेल का?

---

पाटीपेन्सिल

सही कशीही असली तरी चालते, बँकेतल्या नमुन्याशी जुळली की झालं. पण हाक मारायचं नाव आधार किंवा यूडीआयडीवर नसतं, त्यामुळे नवा कारकून हटकून विचारतो. पहिलं अक्षर, पूर्णविराम आणि आडनाव, असं करून बघा. आणि आधारचं पंधरा वर्षांनंतरचं बायोमेट्रिक झालं नसेल तर ते आधी करा, केवायसी तिथेच अडकते. सकाळची पहिली वेळ घ्या. डोळ्यांच्या स्कॅनला तो मान वळवणार, म्हणून घरी आठवडाभर रोज एकदा दुर्बिणीतून बघायचा खेळ खेळा.